डायलिसिसच्या गाडीचं गॅस्केट

त्या नोव्हेंबरात गुणवंता मिस्त्रीला अन्न गोड लागत नव्हतं. ताटावर बसायचा, दोन घास खायचा, आणि रस्त्यावर गाडीचा आवाज आला की उष्ट्या हातानंच दाराशी जायचा. गाडी भलत्याचीच असायची. परत येऊन बसायचा, तोवर भाकर गार झालेली असायची. त्याची बायको दामिनी तीन आठवडे हे पाहत होती. शेवटी तिनं विचारणं सोडलं आणि त्याचं ताट दाराजवळच वाढायला लागली.

गुणवंताचं वर्कशॉप पांढुर्ण्यात, वरुड रोडला. वय बावन्न, त्यातली अठ्ठावीस वर्षं डिझेल इंजिनांच्या पोटात गेलेली. ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, जिनिंगमधली जनरेटरं, सगळी त्याच्या हाताखालून गेली होती. लांब दांड्याचा पेचकस इंजिनाला टेकवून तो दुसरं टोक कानाशी धरायचा आणि नटाला पाना लावायच्या आधीच दोष सांगायचा. बहुतेक वेळा तो खरा निघायचा. लोक चारचौघांत हे सांगायचे आणि ते ऐकायला त्याला आवडायचं. त्याची अडचण सुरू झाली ती इथूनच, पण हे त्याला फार उशिरा कळलं.

गाडी होती मुकुंदची. मुकुंदचं पांढुर्ण्यात औषधाचं दुकान. डायलिसिसवर असलेल्या माणसांना आठवड्यातून दोनदा नागपूरला न्यायला दुसरी सोय नव्हती, म्हणून त्यानं दहा सीटची एक जुनी डिझेल जीप घेतली होती. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती पांढुर्ण्याहून निघायची, सौंसरला दोघा-तिघांना घ्यायची आणि सावनेरवरून नागपूरला जायची. चालवायचा नितीन. रामाकोन्याचा पोरगा, तिशीतला, कमी बोलणारा. पेशंटला गचके बसू नयेत म्हणून रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यानं पाठ केला होता. पांढुर्ण्यातल्या करुणाबाई त्याच्या शेजारी पुढं बसायच्या, कारण मागं बसलं की त्यांना उलटी व्हायची.

ऑगस्टमध्ये या गाडीचं हेड गॅस्केट गेलं. इंजिनाचं खालचं धड म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड. त्या दोघांच्या मधे एक पातळ पत्रा बसतो, तेच गॅस्केट. आतला जाळ, थंड ठेवणारं पाणी आणि तेल, तिघांना ते आपापल्या जागी ठेवतं. ते फाटलं की तिघंही एकमेकांत शिरतात आणि गाडी रस्त्यात उभी राहते. गुणवंतानं इंजिन उघडलं तर आत कुणीतरी फायबरचं गॅस्केट घातलेलं निघालं. त्याला हसू आलं. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापलं की अॅल्युमिनियम जास्त पसरतं, बीड कमी. दर फेरीला दोघं गॅस्केटला मधे धरून रगडतात. फायबर ते किती दिवस सोसणार? इथं तीन पदरी स्टीलचंच पाहिजे, कंपनीनं तेच दिलेलं असतं. त्यानं मुकुंदला हे नीट समजावलं, नागपूरहून सगळ्यात चांगलं स्टीलचं गॅस्केट मागवलं, हेड सौंसरला यशवंतरावांच्या मशीनवर घासून आणलं, आणि ब्लॉकवर चिकटलेलं जुनं फायबर स्वतः ग्राइंडरची चकती फिरवून साफ केलं. ब्लॉक आरशासारखा चमकला. गाडी सुरू झाली तेव्हा तो मुकुंदला म्हणाला की आता पाच वर्षं बोनट उघडायचं काम नाही.

दसरा झाला आणि त्यानंतरच्या गुरुवारी लोधीखेड्याच्या पुढं गाडी बसली. सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमधलं पाणी सगळं बाहेर. सहा पेशंट दोन तास रस्त्याच्या कडेला उन्हात होते. दुसरी गाडी मिळून ते नागपूरला पोचले तेव्हा करुणाबाईंचा नंबर गेलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि त्या चार दिवस दवाखान्यात राहिल्या.

गाडी ओढून वर्कशॉपला आणली तेव्हा मुकुंद, नितीन आणि करुणाबाईंचा मुलगा असे तिघंही तिथं होते. शेजारचे चहावालेही येऊन उभे राहिले. गुणवंतानं हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट काळं पडून जळलं होतं, हेडही वाकलं होतं. त्यानं बोट दाखवलं.

"गाडी गरम करून चालवली," तो म्हणाला. "काट्याकडे पाह्यलंच नाही."

नितीन म्हणाला की गरमीचा काटा चढलाच नाही, मी पाहतच होतो. गुणवंता हसला. काटा चढल्याशिवाय हेड वाकत नाही, हे त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मुकुंदनं हात पुढं केला आणि नितीननं खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

गुणवंतानं पुन्हा हेड घासून आणलं, पुन्हा स्टीलचं गॅस्केट घातलं, अधिक चांगल्या कंपनीचं. आता गाडी मुकुंद स्वतःच चालवायला लागला. दुसऱ्याच्या हाती द्यायची त्याची हिंमत नव्हती. रस्ता कमी आणि काटा जास्त पाहतो, असं पेशंट त्याच्याबद्दल म्हणत.

पाच आठवड्यांनी, सोमवारी सकाळी सौंसरला थांबलेला असताना मुकुंदनं सहज फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येत होते, आणि काटा मात्र मधोमध होता. त्यानं पेशंटना दुसऱ्या जीपमध्ये बसवून पुढं पाठवलं, गाडी हळूहळू परत आणली आणि वर्कशॉपसमोर लावली. किल्ली बोनटवर ठेवून दुकानात निघून गेला.

तिथून तर गुणवंताचा जीव थाऱ्यावर राहिलाच नाही. त्या दिवशी त्यानं गाडीला हातच लावला नाही. एका ट्रॅक्टरचं काम होतं, ते घेतलं, अर्धं टाकून उठला. जाम नदीच्या पुलापर्यंत चालत गेला, पलीकडे सावरगावात एकाकडे काम असल्याचं आठवलं, पण पुलावरूनच परत फिरला. मुकुंदनं काट्यावरून नजर हलवली नव्हती. मग गाडी गरम कुणी केली? आणि आता ती गरम झाली नसेल, तर तेव्हा तरी झाली होती कशावरून? हा दुसरा प्रश्न डोक्यात आला की तो लगेच काहीतरी काम हाती घ्यायचा, आणि ते कामही पुरं व्हायचं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं हेड उतरवलं. या वेळी काहीच जळलेलं नव्हतं. हेड सरळ होतं, गॅस्केटही धड होतं. ते उन्हात तिरपं धरल्यावर त्याला दिसलं. स्टीलवर जो पातळ रबरी लेप असतो त्यावर बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या, आणि सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत त्या रेघांच्या वाटेनं काजळी सरकत गेली होती. त्यानं हेडवरून नख ओढलं. नख खरखरलं. ताटावरून सुरी ओढावी तसं.

वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला जुनी गॅस्केटं टांगलेली होती. त्यातलं दसऱ्यानंतरचं, जळकं, त्यानं काढलं. जळलेला भाग सोडून बाकीचं कापडानं पुसलं. त्याच रेघा, तीच काजळी. म्हणजे गाडी गरम झाली म्हणून गॅस्केट गेलं नव्हतं. आधी गॅस्केटमधून जाळ पाण्यात शिरला, पाणी बाहेर फेकलं गेलं, आणि पाणी संपल्यावर इंजिन तापलं. आणि काटा? काट्याला गरमी कळवणारी कळ पाण्यात बुडलेली असते. पाणीच उरलं नाही तर ती हवेत लोंबणार, मग काटा चढणार कसा? नितीन खरं बोलला होता. हे जळकं गॅस्केट महिनाभर त्याच्या डोक्याजवळ लटकत होतं आणि त्यानं ते एकदाही पुसून पाहिलं नव्हतं, कारण त्याला उत्तर आधीच सापडलं होतं.

तो हेड मोटरसायकलच्या मागं बांधून तसाच सौंसरला गेला. सगळ्या रस्त्यात तो मनाशी यशवंतरावांना बोलत होता. त्यांचं मशीन जुनं, दगड झिजलेला, त्यांनीच हे ओरखडे पाडले. तिथं पोचेपर्यंत त्याला जरा बरंही वाटायला लागलं होतं.

यशवंतराव पासष्टीचे. त्यांनी हेड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, नख ओढलं आणि ओरखडे आहेत हे कबूल केलं. पण ते चिडले नाहीत. तीस वर्षं मी अशीच हेडं घासून देऊन राहिलो, ते म्हणाले, आणि एकही गळलं नाही, कारण तेव्हा सगळे फायबर घालायचे. फायबर नरम, ओरखड्यात दबून बसतं, खाचा भरून काढतं. उलट फायबरला थोडी खरखर लागतेच, नाहीतर ते सरकतं. स्टील कडक. त्याच्यावर केसाएवढा लेप असतो, तेवढीच काय ती त्याची नरमाई. त्याला काचेसारखी जागा पाहिजे. माझ्या दगडाला ते जमत नाही, आणि तू कधी सांगतलंही नाही की वर स्टील बसवणार आहेस.

मग यशवंतरावांनी विचारलं, "हेड मी घासलं. अन् ब्लॉक कोणं घासला?"

गुणवंताला ती चमक आठवली. ग्राइंडरची चकती जिथं जास्त वेळ फिरली तिथं खड्डा पडतो, डोळ्याला दिसत नाही पण पडतो. हेड निदान मशीनवर तरी घासलं होतं. ब्लॉक त्यानं हातानं, अंदाजानं, चमकेल तसा घासला होता.

"घरी जाय," यशवंतराव म्हणाले. "पट्टी ठेवून पाह्य."

घरी येऊन त्यानं ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून पत्र्याची पातळ जिभली सरकवून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे ती सहज आत गेली. तो तिथंच स्टुलावर बसला. दामिनी चहा घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्या पोराला सांगितलं का. गुणवंता म्हणाला, आधी गाडी करतो, मग सांगतो. तिला ते पटलं नाही हे त्याला दिसलं.

त्यानं इंजिन पूर्ण उतरवलं. असं काम तो सहसा टाळायचा. सोपी वाट होतीच: फायबर घालायचं, ते सगळ्या खाचा भरून घेईल, गाडी सहा-आठ महिने चालेल. मुकुंदही त्यालाच तयार झाला असता. पण सहा-आठ महिन्यांनी ते पुन्हा रगडून फाटणार, आणि ते कुठं फाटेल ते त्याच्या हातात नव्हतं. गाडीत कोण बसलेलं असेल तेही नव्हतं. तांब्याचा पत्रा कापून घालावा हाही विचार त्याच्या मनात आला. त्याच्या गुरूनं जुन्या इंजिनांना तसं केलेलं त्यानं पाहिलं होतं, पण तांबं पाणी अडवत नाही, कडेनं झिरपू देतं. दोन दिवस तो फायबर, तांबं आणि नीट घासलेल्या जागेवरचं स्टील या तिन्हींमध्ये फिरत राहिला. एकदा तर फायबरचं गॅस्केट दुकानातून घेऊन आला आणि संध्याकाळी परत करून आला.

शेवटी ब्लॉक आणि हेड दोन्ही त्यानं नागपूरला नेली, नव्या मशीनवाल्याकडे. तिथल्या कारागिरानं घासल्यावर पृष्ठभाग मोजायचं यंत्र लावून आकडा दाखवला. गुणवंतानं तरीही नख ओढून पाहिलं. या वेळी नख नुसतं घसरलं. ब्लॉक छिलल्यामुळं पिस्टन किंचित वर येणार होता, तेवढं मोजून त्यानं एका नंबरानं जाड गॅस्केट घेतलं. कडेला किती छिद्रं आहेत त्यावरून जाडी कळते, आजवर त्यानं ती छिद्रं कधी मोजली नव्हती. हेडचे बोल्टही नवे घेतले. जुने बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तेवढी पकड देत नाहीत, हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं दोन्ही वेळा जुनेच कसले होते.

इंजिन जोडायच्या आधी मात्र तो थांबला. दामिनीचा तेव्हाचा चेहरा त्याच्या मागं लागला होता. सकाळी मोटरसायकल काढून तो रामाकोन्याला गेला.

नितीन गावाबाहेर एका संत्र्याच्या बगीच्यात होता. तोडा चालू होता आणि तो ट्रकमध्ये क्रेट चढवत होता. दसऱ्यानंतर त्याला कुणी गाडी दिली नव्हती. इंजिन जाळणारा ड्रायव्हर म्हणून नाव सौंसरपर्यंत गेलं होतं. गुणवंताला पाहून त्यानं हातातला क्रेट वर दिला, दुसरा उचलला. गुणवंता ट्रकच्या बाजूला उभा राहून सांगत राहिला: रेघा, काजळी, ब्लॉकमधला खड्डा, हवेत लोंबलेली काट्याची कळ. मधे मधे दुसरे मजूर क्रेट घेऊन यायचे तेव्हा त्याला बाजूला व्हावं लागायचं. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "गलती माही होती. तुही नव्हती."

नितीननं हात पँटला पुसले. "हे इथं काहून सांगून राहिले?" त्यानं विचारलं. "इथं मले कोणी काही म्हटलं नाही. जिथं म्हटलं, तिथं सांगा."

गुणवंता मान हलवून हो म्हणाला. मग नितीननं विचारलं की इंजिन जोडून बंद केलं का. अजून नाही, असं कळल्यावर तो म्हणाला की बंद करायच्या आधी मला पाहायचं आहे. दुसऱ्या दिवशी तो पांढुर्ण्याला आला. ब्लॉकवरून, हेडवरून त्यानं स्वतः नख ओढलं. जुनी दोन्ही गॅस्केटं उन्हात धरून पाहिली. गुणवंता बोल्ट आवळत असताना तो शेजारी उभा राहून पाहत होता. आधी सगळे ठरलेल्या जोरानं, मग क्रमानं ठरलेल्या कोनात फिरवून. एका बोल्टाला गुणवंता क्षणभर थांबला, तेव्हा नितीननं सांगितलं की हा राहिला, तो झाला. गुणवंतानं तो बोल्ट आवळला.

गाडी सुरू झाली, पण गुणवंताला चैन नव्हतं. सपाट रस्त्यावर सगळीच इंजिनं चालतात. त्यानं मागं वाळूची पोती भरली, दहा माणसांच्या वजनाची, आणि नितीनला म्हणाला, सिल्लेवानीचा घाट चढवून पाहू. नितीननं गाडी चालवली. रामाकोना गेलं, घाट सुरू झाला. गुणवंता पेचकस मांडीवर धरून बसला होता, तो कानाला लावायचं काही कारण नव्हतं. प्रत्येक वळणावर तो नितीनला काटा विचारायचा. तीन-चारदा सांगितल्यावर नितीननं सांगणं बंद केलं. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, इंजिन निवेपर्यंत दोघं दगडावर बसून राहिले. अर्ध्या तासानं गुणवंतानं झाकण उघडलं. पाणी काठापर्यंत होतं, स्थिर. त्यानं इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं आणि पाण्याकडे पाहत राहिला. बुडबुडा आला नाही. तरी तो पाहतच राहिला, शेवटी नितीनच उठून म्हणाला की उतरायचं आहे अजून.

सोमवारी सकाळी पेशंट मुकुंदच्या दुकानासमोर जमले. नेहमीची माणसं होती, वर्कशॉपशेजारचे चहावालेही आले होते. गुणवंता लवकरच येऊन उभा होता. घरून निघताना त्यानं वाक्य ठरवून आणलं होतं, ते त्याला आठवलं नाही. तो म्हणाला की दसऱ्यानंतर गाडी बसली ती नितीनमुळं नाही, मी ब्लॉक नीट घासला नव्हता म्हणून, आणि त्यानं काटा पाहिला होता. मुकुंदनं खाली पाहिलं. करुणाबाई शाल सावरत गाडीच्या दाराशी उभ्या होत्या. चार दिवस दवाखान्यात राहून आल्यापासून त्या आणखी वाळल्या होत्या.

"आता जाते का गाडी?" त्यांनी विचारलं.

गुणवंता म्हणाला, जाते. मग त्या नितीनकडे वळल्या आणि त्याला दार उघडायला सांगितलं. मुकुंदनं किल्ली नितीनला दिली. गुणवंता मागच्या सीटवर जाऊन बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला घरी बसवणार नव्हतं. नागपूरला दवाखान्याच्या आवारात चार तास तो गाडीभोवती फिरत होता, इंजिन निवलं की झाकण उघडत होता. पुढच्या गुरुवारीही तो गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी नितीननं त्याला गाडीत घेतलं नाही. पेशंटच्या पायाला जागा लागते, असं त्यानं सांगितलं.

गाडी तो उन्हाळा चालली, पुढचा पावसाळाही. करुणाबाई जून महिन्यात घरीच वारल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की किडनीचा आजार असाच असतो, दसऱ्यानंतरच्या चार दिवसांशी त्याचा संबंध नाही. गुणवंता मातीला गेला होता तेव्हा करुणाबाईंच्या मुलानंही त्याला हेच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर तो दामिनीला म्हणाला की संबंध नसेलही. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

आता तो इंजिन उघडल्याशिवाय दोष सांगत नाही. लोकांना हे आवडत नाही. पेचकस कानाला लाव आणि सांगून टाक, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, काही दुसरीकडेही गेली. ग्राइंडर त्यानं विकलेलं नाही, पण ब्लॉकला तो ते लावत नाही. स्टील घालायचं असेल तर काम नागपूरला जातं, फायबरचं असेल तर यशवंतरावांकडे, आणि हेड त्यांच्या हाती देताना तो वर काय बसणार आहे ते आधी सांगतो.

नितीन महिन्यातून एकदा गाडी दाखवायला आणतो. बोनट उघडलं की शेजारी उभा राहतो, काम होईपर्यंत हलत नाही. पहिले तो गुणवंताला काका म्हणायचा. आता मिस्त्री म्हणतो.